आगाऊ अमावास्या

आमच्या प्रयोगशाळेची जागा नक्की झाली त्या दिवशी अमावास्या होती. पुढचा सगळा घोळ एवढ्या एका वाक्यात आहे. तो घालणाऱ्यांत मी नव्हते, हे आधीच सांगून टाकते. मी तेव्हा बेंगळुरात होते.

झालं असं, की बेळगावातल्या एका कॉलेजला बेंगळुरूच्या एका मोठ्या संस्थेचं यंत्र वापरायला मिळणार होतं. यंत्र नाजूक, त्याला जमीन हललेली चालत नाही. कॉलेजच्या इमारतीत पोरं जिना उतरली की खिडक्यांच्या काचा वाजतात. म्हणून तळमजल्याची, खाली पक्का दगड असलेली जागा शोधायला चार शहाणी माणसं निघाली. विश्वस्तांपैकी एकाचं शहरातल्याच वडगाव भागात, विणकरांच्या वस्तीत, सुताचं जुनं गोदाम रिकामं पडलं होतं. माणसं तिथं गेली, फरशीवर कंपन मोजायचं यंत्र ठेवलं आणि वाट बघत बसली. काटा काही जागचा हलेना. त्यांनी अहवालात 'अत्यंत शांत परिसर' असं लिहिलं, सह्या केल्या आणि ती जेवायला गेली.

वडगावात यंत्रमाग अमावास्येला बंद असतात, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही, आणि गल्लीला वाटलं, एवढी शिकलेली माणसं, त्यांना ठाऊक असणारच. दुसऱ्या दिवशी सकाळी डावीकडचे, उजवीकडचे आणि पाठीमागचे सगळे माग सुरू झाले. तोवर भाडेकरार झाला होता.

त्या यंत्रावर काम करायला माणूस पाहिजे अशी जाहिरात आली तेव्हा पत्ता वाचून मी ताडकन उठून बसले. ते गोदाम आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. त्याच्या पायरीवर बसून मी लहानपणी कांड्या भरल्या होत्या, म्हणजे मागाच्या धोट्यात बसवायच्या सुताच्या नळ्या. तिथं कसली शांतता असते हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी अर्ज केला. कारण साधं होतं, मला घरी यायचं होतं. आईचे गुडघे कामातून गेले होते. आप्पांच्या दोन मागांपैकी एक कायमचा बंद पडला होता, दुसरा ते एकटेच चालवत होते. आणि बेंगळुरात मला 'जेवलीस का गं' असं विचारणारं कुणी नव्हतं.

आता यंत्राबद्दल सांगायला पाहिजे. गल्लीत मी हे इतक्यांदा सांगितलंय की मला ते पाठ झालंय. अर्धवाहकाची, म्हणजे मोबाइलच्या चिपा ज्या जातीच्या पदार्थाच्या करतात त्या पदार्थाची, एक चकती असते. तिच्यात डोळ्यांना न दिसणारा एक ठिपका असतो. तो भयंकर थंड करायचा आणि लेसरनं डिवचायचा. डिवचला की तो प्रकाशाचा एक कण सोडतो. एकच. पुन्हा डिवचला की पुन्हा एकच. त्या कणापुढं आरशांनी दोन वाटा करून ठेवलेल्या असतात. कण एकटा असूनही दोन्ही वाटांनी जातो आणि शेवटी स्वतःलाच भेटतो. असे पुष्कळ कण मोजले की पडद्यावर एक लाट उमटते. एखादी वाट कणभरानं लांब झाली तरी लाट सरकते, त्यामुळे तिच्यावरून अतिशय बारीक अंतरं मोजता येतात. शिवाय एकेका कणावरून निरोप पाठवला तर तो मध्येच कुणाला गुपचूप वाचता येत नाही.

"एक एक कशाला सोडतीस?" कोपऱ्यावरचे अण्णा म्हणाले. त्यांचे माग गल्लीत सगळ्यांत जास्त, त्यामुळं मतंही जास्त. "एकदम सोड की. लवकर तरी हुईल."

"एकदम सोडले तर ते बल्ब लावल्यासारखंच झालं, अण्णा."

"मग बल्ब लाव. आणि किती बारीक मोजतंय म्हणालीस ह्ये?"

"केसाच्या जाडीचा कितवातरी बारीक भाग."

"आणि ह्ये आमच्या गल्लीत आणलंसा?" अण्णांनी विचारलं.

माग चालू असले की हादरा फरशीखालून येतो, आरसे थरथरतात आणि लाट पुसून जाते. पडद्यावर उरते एक कळकट सरळ रेघ. टेबलाखाली हवेच्या उशा लावून झाल्या, रबर लावून झालं, वाळूची पोती रचून झाली. 'रात्री कर की' असं मला प्रत्येकानं सुचवलं, रात्रपाळीवर जाता जाता सुचवलं. ज्या यंत्रानं जगातली सूक्ष्मातली सूक्ष्म अंतरं मोजायची, त्यानं आम्ही अत्यंत काटेकोरपणे काय मोजलं, तर शेजाऱ्यांचे माग. प्रत्येक मागाची ठोक वेगळी असते. संगणकावर कंपनं निवडून बघितली की कुणाचा माग चालू आणि कुणाचा बंद, हे मला बसल्या जागी कळायला लागलं. आप्पांचा माग ओळखायला सगळ्यांत सोपा. त्याच्या दर ठोक्यामागून एक लंगडा बारका ठोका येतो. लहानपणी मी त्या आवाजावर झोपत होते, आता त्याच आवाजावर दात खात होते.

मागांची ही बातमी गल्लीत फुटली आणि दुपारच्या वेळी बायका दारात यायला लागल्या. "बग की गं जरा, आमचं मालक माग चालवाय लागल्यात का कट्ट्यावर बसल्यात?" एकीला मी खरं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिचे मालक गोदामाच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मशीन तुमचं चांगलं हाय. पर त्याला जरा तोंड सांभाळून बोलाय सांगा." त्यानंतर मी सगळ्यांनाच 'चालू आहे' असं सांगायला लागले. निरोप मध्येच कुणाला वाचता न येणं किती महत्त्वाचं असतं, ते मला त्या दिवशी पटलं.

माग थोडा वेळ बंद ठेवा, असं कुणाला म्हणायची सोय नव्हती. आमच्यात चालता माग उगाच थांबवत नाहीत. तीनच कारणांनी तो थांबतो. लाईट गेली, गल्लीत कुणी गेलं, नाहीतर अमावास्या आली. अमावास्येला माग पुसायचा, तेल द्यायचं, हळदकुंकू लावून नारळ फोडायचा आणि दिवसभर त्याला हात लावायचा नाही. कारण नसताना थांबवला तर देवीला वाटतं, ह्यांचं पोट भरलंय, आणि मग ती काम पाठवत नाही. हे मला आप्पांनी सांगितलं होतं, त्यांना त्यांच्या आप्पांनी.

म्हणजे माझं काम फक्त अमावास्येला. महिनाभर मी तयारी करायची, आणि त्या दिवशी दार लावून, खिडक्यांना काळे पडदे ओढून मोजायला बसायचं. आता अमावास्येला दार लावून अंधारात एकटी बाई काय करते, याबद्दल लोकांनी काय समजायचं? उंबऱ्यावर लिंबं येऊन पडायला लागली. पहिल्या वेळी मी त्यांचं सरबत केलं, आणि आईनं ते ऐकून माझी अशी काही खरडपट्टी काढली, की पुढच्या वेळी लिंबं ओलांडून मी मुकाट्यानं आत गेले.

अशात बेंगळुरूहून फोन आला. तपासणीला एक साहेब येणार होते. ते आधी कोल्हापूरचं एक कॉलेज बघणार, मग आमच्याकडे. लाट त्यांच्या डोळ्यांदेखत उमटली पाहिजे. उमटली तर यंत्र इथं राहील. नाहीतर यंत्र बेंगळुरूला परत, आणि यंत्राबरोबर ते चालवणारी मी.

घरी सांगितलं तेव्हा आईची भाकरी तव्यावर करपली. मी परत आले तेव्हाही आप्पा 'बरं झालं' म्हणाले नव्हते, आणि आताही 'जाऊ नको' म्हणाले नाहीत. फक्त तारीख विचारली, उठून भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी गेले, आणि म्हणाले, "एका दिसानं हुकलं बग." साहेब येणार त्याच्या दुसऱ्या दिवशी अमावास्या होती.

मी साहेबांना फोन केला. "सर, एक दिवस उशिरा येता आलं तर बरं होईल. त्या दिवशी अमावास्या आहे." मग ते इंग्रजीत, फार सौम्यपणे म्हणाले, की मॅडम, आपण विज्ञानात काम करतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तारीख काही बदलली नाही.

मग गल्ली देवळात जमली. मी बोलावलं नव्हतं, आईनं बोलावलं होतं. गुडघ्यांमुळं चालता न येणारी आई घरोघर गेली होती. पहिल्यांदा वायरमनला विचारलं, की तेवढ्या वेळापुरती गल्लीची लाईट काढशील का. तो म्हणाला, "करंट न्यायचं माझ्या हातात न्हाय. त्यो आपणच जातो." शिवाय लाईट गेली असती तर माझं यंत्रही बंद पडलं असतं, त्यामुळे तो विषय मिटला.

मग मागच्या ओळीतून एक आक्का उठल्या. वयानं गल्लीत सगळ्यांत थोर. "माझं काय आता खरं न्हाय," त्या म्हणाल्या. "पोरीचं काम हुतंय तर मी तयार हाय. पर तारीख माझ्याच्यानं सांगाय येणार न्हाय." सगळ्यांनी त्यांना खाली बसवलं. त्या जरा नाराजच झाल्या.

"फ्यूज काढूया की आपापल्या घरच्या," अण्णा म्हणाले. "लाईट गेली म्हणायचं. कोण बघतंय?"

तोवर भिंतीला टेकून गप्प बसलेले आप्पा ताडकन उभे राहिले. मी त्यांना एवढ्या मोठ्यानं बोलताना ऐकलंच नव्हतं. "आपल्या हातानं फ्यूज काढायची आणि देवीला सांगायचं लाईट गेली? मागासंगं जल्मात खोटं बोललो न्हाय मी. आणि कुणापायी बोलणारबी न्हाय!" आणि ते खाली बसले. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. मला फार लागलं ते. कुणापायी म्हणजे माझ्यापायी, एवढं मला कळत होतं.

शेवटी वाट काढली पुजाऱ्यांनी. पंचांग उघडून त्यांनी बराच वेळ बोट फिरवलं. "अमावास्या आदल्या दिवशीच लागतीया, दुपारनं," ते म्हणाले. "उतरती दुसऱ्या दिवशी. लागलेल्या दिवशी पाळली तर देवी काय म्हणत न्हाय."

"पर साहेब सकाळी येणार," अण्णा म्हणाले.

"सकाळचं आगाऊ धरायचं," पुजारी म्हणाले आणि पंचांग मिटलं.

आप्पांनी पुन्हा उठून विचारलं, "पंचांगात हाय न्हवं?" हाय म्हणाल्यावर ते म्हणाले, "मग हरकत न्हाय."

आगाऊ अमावास्येला गल्ली सकाळपासून चिडीचूप होती. माग पुसले गेले, नारळ फुटले. आप्पांनी तर न्हाऊन, धुतलेलं धोतर नेसून मागाची अशी साग्रसंगीत पूजा केली, की नैवेद्याला पुरणपोळी झाली. मी पडदे ओढले आणि यंत्र लावलं. पडद्यावर लाट उभी राहिली. इतकी स्वच्छ लाट मी बेंगळुरातसुद्धा बघितली नव्हती. सगळं तयार होतं. साहेब तेवढे नव्हते.

ते निपाणीत अडकले होते. सीमेवर कुणीतरी कुणाच्या तरी बसच्या पाटीला काळं फासलं होतं, मग पलीकडच्यांनी अलीकडच्या बसला फासलं, आणि दोन्ही राज्यांच्या गाड्या उभ्या राहिल्या होत्या. आमच्याकडं हे अधूनमधून होतं. हायवेवर ट्रक अडकलेले, त्यांच्या मागं साहेबांची मोटार. मी फोनवर म्हणाले, "सर, लाट आत्ता समोर आहे, फोटो पाठवते." ते म्हणाले, फोटो कुणाचाही असू शकतो. रात्री निपाणीतल्याच लॉजवर राहतो, उद्या सकाळी नक्की येतो. आणि वर त्यांनी विचारलं, "उद्याच ना तुमची ती अमावास्या?"

मी इतकी खूश झाले, की ओरडतच घरी गेले. उद्या तर खरीच अमावास्या! उद्या सगळं आपोआप बंद! गल्लीनं लगेच दुसऱ्या दिवशीचीही सुट्टी जाहीर केली. आजची पोरीची, उद्याची देवीची, असं अण्णांनी ठरवून टाकलं, आणि दोन दिवसांच्या सुट्टीला कुणाचाच विरोध नव्हता.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. बारीक चणीचे, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेले, कानडी आणि इंग्रजी बोलणारे, रात्रभर लॉजवर डासांनी फोडून काढलेले. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, दाखवा. मी यंत्र सुरू केलं. पडद्यावर कळकट सरळ रेघ आली.

मी लेसर बघितला, आरसे बघितले, थंडी बघितली. सगळं जागच्या जागी होतं. मग कंपनं निवडून बघितली. सगळी गल्ली शांत होती, फक्त एक माग चालू होता. दर ठोक्यामागून एक लंगडा बारका ठोका.

साहेबांना चहा मागवला आणि मी चपला न घालताच धावत सुटले. आप्पा मागाजवळ उभे होते, तुटलेला धागा सांधून झाला होता, आणि माग जोरात चालला होता. लग्नाच्या साड्यांचं काम होतं, बीमवर, म्हणजे ताण्याच्या सुताच्या रुळावर, अर्धं उरलेलं.

"आप्पा, आज अमावास्या हाय!" मी ओरडले. मागाच्या आवाजात ओरडावंच लागतं.

"काल झाली की," आप्पा म्हणाले.

"साहेब आज आल्यात. काल आलंच न्हाईत ते."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. माग चालूच होता. "मग काल काय हुतं?" त्यांनी विचारलं. "काल नारळ फोडला. देवीला म्हणालो, आज तुझी अमावास्या. आज परत कसं म्हणू? कालची खोटी हुती म्हणू?"

सगळ्या गल्लीत कालची अमावास्या खरी मानणारा एकच माणूस होता. बाकीच्यांनी माझ्यासाठी सोंग केलं, आणि आज बिनघोर दुसरी सुट्टी घेतली. माझ्या बापानं सोंग केलं नव्हतं, त्यामुळं आज त्याला सुट्टी नव्हती. मला राग आला, हसू आलं आणि रडू आलं, सगळं एकदमच. त्यांना 'माग थांबवा' म्हणायला माझी जीभ रेटेना. देवळातलं त्यांचं बोलणं मी विसरले नव्हते. "बरं," एवढंच म्हणाले आणि वळले. मनात सामान बांधायलाही लागले होते. कुठली पुस्तकं न्यायची, आईच्या गुडघ्याच्या तेलाचं कुणाला सांगायचं.

गल्लीत चार पावलं आले असेन, तेवढ्यात पाठीमागचा आवाज थांबला.

मी वळून बघितलं. उघड्या दारातून आप्पा स्टुलावर चढलेले दिसले, मीटरच्या फळीपाशी. त्यांनी पांढरी फ्यूज ओढून काढली, शर्टाच्या खिशात टाकली, खाली उतरले, मागाला हात लावून नमस्कार केला, आणि येऊन बाहेरच्या पायरीवर बसले. माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

समोरून अण्णांनी विचारलं, "काय आप्पा, माग का थांबला?"

"लाईट गेलीया," आप्पा म्हणाले.

अण्णांच्या घरात मिक्सरवर चटणी वाटली जात होती, तिचा आवाज गल्लीभर येत होता. अण्णांनी घराकडं बघितलं, आप्पांच्या खिशाकडं बघितलं, आणि म्हणाले, "व्हय व्हय. आमचीबी जाईल आता." आत जाऊन त्यांनी मिक्सर बंद करायला लावला.

मी धावतच गोदामात आले. साहेब चहा पीत होते. पडद्यावरची रेघ फुगायला लागली होती. डोंगर वर आला, दरी खाली गेली, पुन्हा डोंगर. एकेका कणानं भरत भरत लाट पूर्ण झाली, कालच्यापेक्षाही स्वच्छ. साहेबांनी पेला खाली ठेवला. त्यांनी स्वतः एक आरसा केसभर सरकवून बघितला, लाट त्याबरोबर सरकली. पुन्हा मागं आणला, तीही मागं आली. तासभर ते हेच करत राहिले. मग चष्मा पुसला आणि म्हणाले, यंत्र इथंच राहू दे. एवढी शांत जागा आमच्याकडं नाही.

मी 'थँक्यू सर' म्हणत होते, तेवढ्यात लाट थरथरली. डोंगर बसले, दऱ्या भरल्या, आणि रेघ सरळ झाली. फरशीखालून ठोका आला, आणि त्याच्यामागून एक लंगडा बारका ठोका.

"हे काय झालं?" साहेबांनी विचारलं.

मला खरं सांगता आलं असतं. पण आप्पांनी देवीला जे सांगितलं होतं, त्याच्याहून वेगळं मी साहेबांना कसं सांगणार? "करंट बंतु, सर," मी कानडीत म्हणाले. करंट आला.

साहेबांनी मान वर करून डोक्यावरच्या ट्यूबलाइटकडं बघितलं. ती ते आल्यापासून एकदाही गेली नव्हती. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि तपासणीच्या कागदावर सही केली.